मामेभावाचा पार्कोर मॅप खेळून झाला, आता त्याला काय सांगायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. दहावीतल्या मामेभावानं माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) खेळात पन्हाळा ते पावनखिंड असा पाच टप्प्यांचा पार्कोर मॅप, म्हणजे ब्लॉकवरून ब्लॉकवर उड्या मारत पार करायची वाट, बनवलाय: तीन दरवाजा, अंधारबाव ही पन्हाळ्यावरची विहीर, राजदिंडी, मसाई पठार आणि खिंड. सुट्टीचे दोन महिने त्यात घातले. मित्रांनी थोडा वेळ खेळून "नाद खुळा" म्हटलं आणि विषय संपवला. तू मात्र मनापासून खेळलास, दुसऱ्या टप्प्यात तासभर अडकलास आणि सोडून दिलास. आता तो रोज विचारतोय, "दादा, कसा वाटला?" खरं सांगितलं तर तो हिरमुसेल आणि गोड बोललास तर मॅप आहे तसाच सगळ्यांना वाटेल, म्हणून तू गप्प आहेस.

गप्प राहू नकोस. मी अकरा वर्षं असे मॅप बनवतेय आणि त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांचे खेळून तपासून दिलेत. कुणीच काही बोलत नाही, याइतका त्रास बनवणाऱ्याला दुसऱ्या कशाचाच होत नाही. फक्त "कसा वाटला" या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. त्या प्रश्नाला चांगला किंवा वाईट एवढीच उत्तरं असतात आणि दोन्ही त्याच्या कामाची नाहीत. खेळताना तुझ्याबरोबर काय काय घडलं, ते सांग.

आपल्याकडं चप्पल लाइनीत कोल्हापुरी घेतलीस की पहिले काही दिवस ती चावते. परत जाऊन "चप्पल बरोबर नाही" म्हटलंस तर कारागीर काय करणार? तो विचारतो, कुठं चावतीय, अंगठ्यात की पट्ट्याखाली, चालताना की जिना उतरताना? जागा कळली की पुढचं त्याचं तो बघतो. चप्पल कशी शिवायची हे गिऱ्हाइकानं सांगावं अशी त्याची अपेक्षाच नसते. कुठं चावतंय हे मात्र ज्याच्या पायात चप्पल आहे त्यालाच कळतं. तुझ्या मामेभावाच्या मॅपमध्ये पाय तुझा होता.

तू फाइल जोडलीस म्हणून मी काल रात्री तो मॅप दोनदा खेळले, एकदा संगणकावर आणि एकदा फोनवर. त्यामुळं हवेत बोलण्यापेक्षा याच मॅपवर बोलू.

संगणकावर मी एकूण 61 वेळा पडले. त्यातल्या 38 वेळा अंधारबावेत, म्हणजे तू अडकलास त्याच दुसऱ्या टप्प्यात, आणि त्या 38 मधल्या तिसाहून जास्त एकाच उडीवर. मी पडण्याचे आकडे लिहूनच ठेवते. कागदावर टप्प्यांची नावं लिहायची आणि पडलं की तिथं एक रेघ ओढायची, बास. "दुसरा टप्पा लई अवघड आहे" हे मत झालं, त्याच्यावर तो वाद घालू शकतो. "अंधारबावेतल्या अकराव्या उडीवर तीसच्या वर रेघा आहेत आणि बाकी सगळ्या मॅपमध्ये मिळून तेवढ्या नाहीत" यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. तूही आठवेल तेवढं लिहून काढ. आकडा अचूक नसला तरी चालेल, जागा अचूक हवी.

आता ती अकरावी उडी. पडण्याचे दोन प्रकार असतात आणि तपासणाऱ्याला एवढा फरक ओळखता आला तरी अर्धं काम झालं. पहिल्या प्रकारात पडल्या पडल्या आपल्याला कारण कळतं: घाई केली, तिरकी मारली, धाव कमी पडली. ते पडणं आपलं. त्यातून हात शिकतो, पुढच्या वेळी दोन ब्लॉक पुढं जातो, आणि पार्कोरची सगळी मजा त्यातच आहे. दुसऱ्या प्रकारात दहा वेळा पडूनही आपण का पडलो ते कळत नाही. ते पाडणं मॅपचं. माझं तिथं तेच झालं. उडी दिसायला साधी आहे: सपाटीवर चार ब्लॉकची मोकळी जागा, पलीकडं पूर्ण ब्लॉक. धावत मारली की चार ब्लॉक जातात, अंगणात मी ती उडी झोपेतही मारेन. इथं मात्र दर वेळी काठाला आपटून खाली. शेवटी मी वर बघितलं. छत बरोबर तीन ब्लॉकवर आहे. माइनक्राफ्टमधला माणूस 1.8 ब्लॉक उंच आणि त्याची उडी सव्वा ब्लॉक, म्हणजे वरच्या टोकाला डोकं 3.05 वर जातं. तीनवर छत असलं की डोकं निसटतं घासतं, उडी वरच्या वर थोडी खुडली जाते आणि अंतर कमी पडतं. आधीच टोकाची असलेली उडी त्यामुळं आणखी आवळली जाते.

धावण्याचा वेग सेकंदाला साधारण 5.6 ब्लॉक आणि खेळाची टिकटिक, म्हणजे खेळ ज्या ठोक्यानं पुढं सरकतो तो, सेकंदाला 20. म्हणजे एका टिकेत माणूस 0.28 ब्लॉक सरकतो. टोकाची उडी मारायला एखाद-दुसरी टिक मिळते, सेकंदाचा विसावा किंवा दहावा भाग. काही खेळांमध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात, माइनक्राफ्टमध्ये तशी सवलत नाही. त्यात शरीराची रुंदी 0.6, त्यामुळं कडेच्या बाहेर 0.3 पर्यंत जाऊनही आपण उभे राहू शकतो. डोळ्यांना मात्र आपण आधीच हवेत गेल्यासारखं वाटतं आणि नवखा माणूस घाबरून लवकर उडतो. लवकर उडाला की चार ब्लॉक जात नाहीत. तुझा तासभर बहुतेक यातच गेला असणार. तुला खेळता येत नाही म्हणून तो गेला असं धरून चालू नकोस.

त्यानं ही उडी मोकळ्या मैदानावर बसवली, जमली, आणि मग भोवती बाव बांधली, असा माझा अंदाज आहे. अंधारबाव तीन मजली आहे, आतला काळोख आणि अरुंद वाट त्यानं झकास पकडलीय, पण छत ठेवताना उडी पुन्हा मारून बघितली नाही. किंवा बघितली आणि त्याला जमली. बनवणाऱ्याला स्वतःचा मॅप जमतो, याला फार अर्थ नसतो. सुपर मारिओ मेकर या लेव्हली बनवायच्या खेळात स्वतः पार केल्याशिवाय लेव्हल पुढं पाठवताच येत नाही, जिओमेट्री डॅश या उड्यांच्या खेळातही तसंच. तरी दोन्हीकडं माणसं वैतागून सोडतात अशा लेव्हलींचा ढीग आहे. त्या अटीतून एवढंच सिद्ध होतं की लेव्हल पार होऊ शकते. बनवणाऱ्यानं प्रत्येक उडी शंभर वेळा मारलेली असते, कुठला ब्लॉक खरा आणि कुठला शोभेचा हे त्याच्या बोटांना पाठ असतं. पहिल्यांदा येणारा माणूस काय बघतो, हे त्याला आता कधीच दिसणार नाही. मारिओ मेकरमध्ये दुसरे खेळाडू कुठं कुठं मेले ते लेव्हलवर फुल्या मारून दाखवतात. त्या फुल्या मला त्या खेळातल्या सगळ्यात मोलाच्या वाटतात. तुझ्या मामेभावाकडं त्या फुल्या नाहीत, त्याच्याकडं तू आहेस.

अंधारबावेत दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती उडीपेक्षा जास्त लोकांना पळवून लावेल. चेकपॉइंट, म्हणजे पडल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा, बावेच्या तोंडाशी आहे. अकराव्या उडीवर पडलं की पहिल्या दहा उड्या पुन्हा माराव्या लागतात. मी घड्याळ लावलं: तोंडापासून अकराव्या उडीपर्यंत 40 सेकंद. तीस वेळा पडलं तर 20 मिनिटं नुसती जमलेलं पुन्हा करण्यात जातात. कुठलाही मॅप तपासताना हे सेकंद मोजच. अवघड उडी माणूस पन्नास वेळाही आनंदानं मारतो, जर पडल्यावर पाच सेकंदांत परत तिथं उभा राहत असेल. त्याला नवव्या उडीनंतर एक प्रेशर प्लेट (पाय पडला की चालू होणारी फळी) आणि पुन्हा उभं राहायची जागा ठरवणारी स्पॉनपॉइंटची एक कमांड टाकायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. पण त्याला आधी तुझी 20 मिनिटं कळू देत, चेकपॉइंट मग तो स्वतःच टाकेल.

फोनवर तर मला ती उडी जमलीच नाही. चाळीस वेळा मारून सोडली. काचेवर अंगठा फिरवत धाव घ्यायची, त्याच वेळी नजर वळवायची आणि शेवटच्या टिकेला उडीचं बटण दाबायचं, हे कीबोर्ड-माऊसइतकं नेमकं होत नाही. माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती असल्यानं त्याचा मॅप फोनवरही उघडतो, आणि त्याच्या वर्गातली पोरं कशावर खेळतात ते त्याला विचार. कोल्हापुरात शाळेतली बहुतेक पोरं फोनवरच खेळताना मी बघते. त्यानं मॅप ज्यांच्यासाठी बनवलाय त्यांच्या हातात काय आहे, यावर अवघड-सोपं ठरतं.

म्हणून काही सांगायच्या आधी त्याला दोन गोष्टी विचार. मॅप कुणासाठी बनवलास? आणि कुठली जागा तुला स्वतःला सगळ्यात आवडते? पहिल्याचं उत्तर "ज्यांना पार्कोर मुरलेला आहे त्यांच्यासाठी" असं आलं, तर वरचं निम्मं मागं घ्यावं लागेल. तसल्या मॅपमध्ये तीस वेळा पडणं हे ठरवूनच ठेवलेलं असतं, फक्त छताचं कोडं दिसायला हवं. उत्तर "आमच्या वर्गातल्यांसाठी, घरच्यांसाठी" असं आलं तर ती उडी चुकीच्या ठिकाणी आहे. माणूस काय करायला निघालाय हे न विचारता त्याच्या कामावर बोलायला गेलं की आपण आपल्याच मनातला मॅप तपासत बसतो. ही चूक मी पुष्कळ वर्षं केली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येणार ते मला जवळजवळ ठाऊक आहे: मसाई पठार. तू तिथवर पोचलाच नाहीस, म्हणून सांगते. चौथ्या टप्प्यात त्यानं पठारावर सोल सँडचे पट्टे टाकलेत. त्यावर पाय पडला की चाल जड होते, आणि 1660 च्या जुलैमधली ती पावसाळी रात्र, चिखल, मागं सिद्दी जौहरचा वेढा, हे सगळं एक अक्षर न लिहिता अंगावर येतं. पट्ट्यावर थांबलं की पुढची उडी कमी पडते, म्हणून कोरड्या ब्लॉकवरून कोरड्या ब्लॉकवर वाट शोधत पळावं लागतं. तिथं मी नऊ वेळा पडले आणि नऊच्या नऊ वेळा का पडले ते मला कळलं. दहावीतल्या मुलानं ब्लॉकच्या गुणधर्मातून गोष्ट सांगितलीय. मी इतकी वर्षं हे करतेय, मला हे सुचलं नव्हतं.

आणि तिथवर कोणी पोचत नाहीय. त्याला सांगायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. "दुसरा टप्पा अवघड आहे" यानं तो दुखावेल किंवा उलट फुशारेल, कारण अवघड बनवणं हा त्या वयात मान असतो. "तुझा मसाई पठार मी अजून बघितलेला नाही, कारण अंधारबावेनं मला परत पाठवलं" हे वाक्य त्याच्या काळजाला लागेल, आणि छत उंच करायला तो स्वतःहून उठेल.

कौतुकही असंच नेमकं कर. "नाद खुळा"नं त्याचं पोट भरलंय, त्यातून त्याला काही कळलेलं नाही. तीन दरवाज्याची कमान तू ओलांडलीस, तिथं उजेड अशा कोनातून येतो की पुढचा ब्लॉक आपोआप नजरेत भरतो. ते त्याला सांग. चांगलं काय आहे हे नेमकं कळलं नाही, तर दुरुस्त्या करताना मुलं तेच काढून टाकतात. हे मी दोनदा बघितलंय.

आता किती सांगायचं. माझी एक गोष्ट सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी एका मुलानं मला त्याचा पहिला मॅप पाठवला. मी दोन रात्री खपून 21 मुद्दे लिहिले, एकही खोटा नव्हता. कुठं ब्लॉक चुकलाय, कुठं पाटी नाही, रंग कुठं मिसळतात, सगळं. त्यानं "थँक्यू ताई" लिहिलं आणि त्या मॅपला पुन्हा हात लावला नाही. पुढं भेटला तेव्हा म्हणाला, कुठून सुरू करायचं तेच कळेना. त्या मॅपमध्ये पाण्याखालून जाणारी एक वाट होती, फार सुंदर, ती आता कुणाकडंच नाही. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी एका वेळी तीन गोष्टी सांगते, आणि तीनही अशा की त्या सुधारल्या तर खेळणारा पुढं जाईल. पाटीवरचं शुद्धलेखन, झेंड्याचा रंग, हे मी बघते आणि मनात ठेवते. पुढच्या फेरीला सांगता येतं.

याला अपवाद एकच, मोडलेली गोष्ट. राजदिंडीच्या टप्प्यात दुसऱ्या चेकपॉइंटची कमांड चुकलीय: तिथं पडलं की माणूस थेट पहिल्या टप्प्यात जातो. हे मत नाही, बिघाड आहे. तो आजच कळव, वेगळा, एका ओळीत. बिघाड आणि मत एका दमात सांगितलं की बनवणाऱ्याला सगळंच बिघाड वाटायला लागतं.

उपाय सुचवण्याचं काय? मी सहसा टाळते. अकराव्या उडीचं कारण तू सांग, अगदी 3.05 च्या हिशेबासकट. पुढं तो छत चारवर नेईल, अंतर तीन ब्लॉकचं करेल, पलीकडचा ब्लॉक खाली घेईल, किंवा छताला एक भगदाड पाडून वरून चांदणं आत सोडेल आणि डोकं तिथूनच वर जाईल. हे शेवटचं माझ्या आत्ताच मनात आलं आणि बोट शिवशिवतंय, पण ते मी त्याला सांगणार नाही. मॅप त्याचा आहे. त्यानं विचारलं तर सांग, तेही "मी असतो तर" असं म्हणून.

तो वाद घालेल, हे धरून चाल. "दादा, तिथं कडेला जाऊन मारायची असते", "अरे, वर बघायचं ना". तेव्हा उलट उत्तर देऊ नकोस. एवढंच म्हण: "मला खेळताना ते कळलं नाही." तो जे तोंडानं समजावून सांगतोय ते मॅपमध्ये दिसायला हवं होतं, हे त्याचं त्याला उमगायला थोडा वेळ लागतो. तो प्रत्येकाच्या शेजारी बसून समजावू शकणार नाही. आणि हे सगळं मित्रांच्या घोळक्यात नको. मामाच्या घरी जा, चहा झाल्यावर त्याच्या खोलीत बस.

लिहून द्यायचं असेल तर साधारण असं:

"तीन दरवाजा दोन दमात पार झाला, कमानीतल्या उजेडामुळं वाट लगेच दिसली, ते बदलू नकोस. अंधारबावेत अकराव्या उडीवर तीसेक वेळा पडलो. का पडतोय ते मला कळत नव्हतं, नंतर दिसलं की छत तीन ब्लॉकवर आहे आणि डोकं घासतंय. दर वेळी पहिल्या दहा उड्या पुन्हा मारायला 40 सेकंद लागत होते, म्हणून तासाभरानं सोडला. पुढचे तीन टप्पे मी बघितले नाहीत आणि मसाई पठार मला बघायचाय. तुझ्या वर्गातली पोरं फोनवर खेळणार असतील तर एकदा फोनवर ही उडी मारून बघ."

एवढं बास. यात तुझं मत जवळजवळ कुठंच नाही आणि तरी सगळं सांगून झालंय.

यापेक्षाही चांगला मार्ग हवा असेल, आणि तुम्ही दोघं एका गावात आहात म्हणून तो शक्य आहे, तर काही सांगूच नकोस. त्याच्यासमोर खेळ. अट एकच: तू खेळत असताना त्यानं तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. तू मात्र मनात येईल ते मोठ्यानं बोल: "इकडं जायचंय वाटतं... हा ब्लॉक शोभेचा दिसतोय... परत पडलो, का पडलो कळेना." गप्प बसून बघणं त्याला फार जड जाईल. पहिल्या दहा मिनिटांत तो तीन वेळा तरी "अरे तिकडं नाही" म्हणेल. त्याला थांबव आणि त्याच जागा लिहून घ्यायला सांग. जिथं त्याला बोलावंसं वाटलं, तिथं मॅप पुरेसं बोलत नाहीय. माझ्या पहिल्या मॅपला एका मैत्रिणीनं हेच केलं. त्या अर्ध्या तासात मला जेवढं दिसलं तेवढं नंतरच्या वर्षभरात दिसलं नाही.

दुरुस्त केलेला मॅप आला की एक लक्षात ठेव. तुझी बोटं आता अंधारबावेला सरावली आहेत. छत वाढवल्यावर तुला उडी सोपी वाटली, तरी ती सोपी झाली असं होत नाही. तिथं नवीन हात हवेत, ज्यांनी मॅप बघितलेलाच नाही असे. शेजारचं एखादं बारा-तेरा वर्षांचं पोर धर, त्याच्या हातात फोन दे, रेघा ओढायला मामेभावाला बसव. एका मॅपला असे पहिल्या नजरेचे खेळाडू मोजकेच मिळतात, म्हणून सगळे मित्र एकाच दिवशी वापरून टाकू नका म्हणावं. दर दुरुस्तीला एक-दोन पुरेत.

तू स्वतः तिसऱ्या टप्प्यापासून पुढं अजून कोरा आहेस. राजदिंडी, पठार आणि खिंड खेळताना कागद जवळ ठेव. खिंडीतल्या शेवटच्या चढाबद्दल माझं एक म्हणणं आहे, पण ते मी आत्ता लिहीत नाही. तू खेळून तुझ्या रेघा पाठव, मग माझ्याशी ताडून बघू.